शिशाची अक्षरे

आमच्या गावाचे नाव नाटे. मुंबईत कुणी 'गाव कुठले?' म्हणून विचारले आणि मी 'आम्ही नाट्यातले' असे सांगितले की, विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम आदर उमटतो आणि 'कोणत्या कंपनीत होता?' असा पुढचा प्रश्न येतो. मग मला राजापूर तालुक्याचा भूगोल समजावून द्यावा लागतो. अर्जुनेचे पाणी राजापुरावरून खाली येते, खाडी होते, आणि जिथे ती समुद्राला मिळते तिथे एका अंगाला जैतापूर आणि दुसऱ्या अंगाला आमचे नाटे. गावात जांभ्या दगडाचा यशवंतगड आहे. त्याच्या तटावर आता झाडे उगवली आहेत आणि बुरुजांवर गुरे चरतात. पलीकडे साखरी नाट्याची कोळ्यांची वस्ती, मचव्यांची रांग, सुकत घातलेली जाळी, आणि त्या सगळ्यावर पसरलेला म्हावऱ्याचा वास. नाटक म्हणाल तर शिमग्याच्या नमन-खेळ्यांपलीकडे आमच्या गावाने फारसे केलेले नाही.

कोकणातल्या इतर गावांप्रमाणे आमचे गावही दोन ठिकाणी राहत असे. अर्धे नाट्यात आणि अर्धे मुंबईत. गावाने मुंबईला आंबे दिले, सुके बोंबील दिले आणि धडधाकट तरुण माणसे दिली. मुंबईने गावाला मनिऑर्डरी दिल्या, पत्र्याच्या ट्रंका दिल्या, लहान मुलांना लिमलेटच्या गोळ्या दिल्या. याखेरीज आणखीही काही दिले, पण ते ट्रंकेत दिसत नसे. ते माणसाच्या अंगात भरून येई आणि मुसाकाजीच्या बंदरात बोटीतून उतरताना कुठल्याही जकातवाल्याला सापडत नसे. गिरणीत राबलेल्याच्या छातीत कापूस भरलेला असे. माझ्या काकांच्या हाडांत शिसे भरले होते.

काका छापखान्यात जुळारी होते. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. आता बोट लावताच पडद्यावर अक्षर उमटते. त्या काळी अक्षर हाताने उचलावे लागे. एकेक अक्षर म्हणजे शिशाचा एकेक खिळा. त्याच्या माथ्यावर ते अक्षर उलटे कोरलेले. इंग्रजीची सव्वीस अक्षरे दोन पेट्यांत मावतात; पण आपल्या बाळबोध लिपीचा बारदाना मोठा! काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरे मिळून खिळ्यांचे प्रकार कित्येक शेकडो. त्यांच्या खान्याखान्यांच्या पेट्या समोर, उजवीकडे, डावीकडे उभ्या. डाव्या हातात स्टिक, नजर हस्तलिखितावर, आणि उजवा हात न बघता नेमक्या खान्यात जाऊन खिळा उचलतोय! काकांचा हात त्या पेट्यांवरून फिरायचा तो पेटीवादकाच्या हातासारखा, असे त्यांचे सोबती सांगत. काका सुट्टीवर घरी आले की आम्ही मुले पुस्तक उलटे धरून त्यांच्यापुढे उभे राहायचो आणि ते घडाघडा वाचून दाखवायचे. आम्हांला ती जादू वाटे. काकांना मात्र सुलटे वाचतानाच थोडे अडखळल्यासारखे होई, असा आजीचा दावा होता.

मराठी दिवाळी अंकाची प्रथा 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने पाडली. तेव्हापासून आश्विन महिना लेखकांचा नि वाचकांचा सण झाला. जुळाऱ्यांची मात्र ती सुगी. श्रावणापासून छापखान्यांत रात्रपाळ्या सुरू होत. लेखकाने उशिरा दिलेला मजकूर, संपादकाने आयत्या वेळी केलेली खाडाखोड, जाहिरातदाराने बदललेला शब्द या साऱ्यांचा वेळ शेवटी जुळाऱ्याच्या झोपेतून वजा व्हायचा. काका म्हणूनच गणपतीला कधी घरी आले नाहीत. दिवाळी उलटली की यायचे. ट्रंकेतून चार-पाच अंक काढायचे आणि कथेचे नाव किंवा लेखकाचे नाव न सांगता 'हे पान माझे, हे पान माझे' असे म्हणत एकेक पान आमच्यापुढे ठेवायचे. आम्ही ते पान वाचायचो. काका मात्र त्यावर बोट फिरवून बघत. शिशाच्या खिळ्याने कागदात पडलेला बारीकसा दाब बोटाला लागतो, तो बघत. त्या बोटाची शेंडे काळसर होती. साबणाने, चिंचेने, राखेने घासली तरी ती कधी गोरी झाली नाहीत. काकू त्यावरून थट्टा करायची, 'ह्यांनी सोने उचलले असते तर बोटे पिवळी झाली असती!'

खिळा नुसत्या शिशाचा नसतो. शिसे मऊ, नखाने ओरखडा उठावा इतके. म्हणून त्यात अँटिमनी घालतात, थोडे कथील घालतात. मग तो रस साच्यात नीट भरतो आणि थंड झाल्यावर अक्षराची कड स्वच्छ उमटते. शिसे 327 अंशांवर वितळते आणि या मिश्रणाला त्याहूनही कमी उष्णता पुरते. छापून झालेले, झिजलेले खिळे परत भट्टीत जायचे आणि पुन्हा नवी अक्षरे होऊन यायची. ज्या छापखान्यात काका होते तिथे ओतकामाची खोली जुळणीच्या दालनाला लागूनच होती. मधला दरवाजा उन्हाळ्यात उघडा असायचा. कामाची गर्दी असली की जुळाऱ्यांनाही तिकडे हात द्यावा लागे. वितळलेल्या शिशावर राखट साय धरते. ती कलथ्याने काढून बाजूला टाकायची. त्या सायीची धूळ पायांखाली. पेट्यांच्या खान्यांतही झिजलेल्या शिशाची करडी भुकटी साचे. आठवड्याला एकदा भाता घेऊन ती फुंकून काढीत आणि ती उडून सगळ्यांच्या डोक्यांवर, डब्यांवर, चहाच्या कपांवर बसे. दोन खिळे हातात मावले नाहीत तर तिसरा ओठांत धरायचा. बिडी ओढायची ती त्याच बोटांनी. पाण्याच्या नळाशी साबण ठेवावा, एवढी गोष्ट मालकाच्या कधी ध्यानात आली नाही. गूळ खाल्ला की शिसे उतरते, अशी मात्र समजूत होती. म्हणून महिन्याला थोडा गूळ वाटला जाई आणि तो त्याच हातांनी खाल्ला जाई.

शिशाचा कावा असा की त्याला वास नाही. त्याचे काही क्षार तर चवीला गोडसर असतात. रोमन लोक शिशाच्या भांड्यात आटवलेला द्राक्षरस आवडीने दारूत घालीत. आंबट किंवा तिखट असते तर माणसाने थुंकून टाकले असते. आपल्याकडच्या वैद्यकाने या धातूला 'नाग' असे नाव दिले. भस्म करण्याआधी त्याचे शोधन करा, पुन्हा शोधन करा, असे ग्रंथ सांगतात. एवढ्यावरून जुन्या लोकांना त्याचा स्वभाव ठाऊक होता हे उघड आहे. गंमत अशी की, ज्या शिसपेन्सिलीला आपण लहानपणापासून शिशाची समजतो तिच्यात शिसे औषधालाही नसते. तिच्यात असते ग्राफाइट, म्हणजे कोळशाचाच एक चुलतभाऊ. मुलाने पेन्सिल तोंडात घातली की आया ओरडतात, 'अरे, शिसे पोटात जाईल!' बिचारी निरपराध पेन्सिल नावापायी बदनाम झाली. आणि खरा अपराधी देवाच्या शेंदरात, भिंतीच्या रंगात, गाडीच्या बॅटरीत नाव बदलून सुखाने नांदत राहिला.

काका वयाच्या पंधराव्या वर्षी मुंबईला गेले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे 1963 साली, तुळशीची लग्ने लागून गेल्यावर परत आले. त्या वर्षी ते रजेवर नव्हते. कायमचे आले होते. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. बंदरावर त्यांना उतरवून घ्यायला वडिलांबरोबर गेलो होतो. काकांचा चेहरा आमच्या घराच्या जुन्या चुन्यासारखा पांढुरका झाला होता. ट्रंक त्यांनी डाव्या हाताने उचलली. तिच्यासोबत दोऱ्यांनी बांधलेले एक लहानसे लाकडी खोके होते आणि ते उचलायला मात्र दोन माणसे लागली.

पहिले दोन महिने घरात एकच विषय होता: काकांचे पोट. रात्री-अपरात्री पोटात अशी कळ उठे की ते गुडघे छातीशी घेऊन माजघरात लोळत. पोट साफ होत नसे. आजीने हिंगाचा लेप लावला, ओवा-सैंधव दिले, एरंडेल पाजले, विटकरीने शेकले. गावातल्या वैद्यांनी वात सांगितला. देवळात कौल लावला, तेव्हा घराण्यातला कुणाचा तरी नवस राहिला असल्याचे निघाले. तो फेडला. कळ काही थांबली नाही. शेजारीपाजारी वेगळेच कुजबुजू लागले. मुंबईला राहिलेला माणूस, अंगावर रक्त नाही, हातपाय थरथरतात. मग काय, पीत असला पाहिजे! काका आयुष्यात दारूला शिवले नव्हते. पण ही कुजबूज काकूच्या कानी गेली तेव्हा कानांत तापलेले शिसे ओतल्यासारखे तिला झाले असेल. ही म्हण आमच्या घरात इतकी शब्दशः यावी, याचा विचार मी पुढे पुष्कळ वेळा केला.

मग एके सकाळी काकांच्या हातातला चहाचा कप पडला. ते तो उचलायला वाकले आणि आम्ही सगळ्यांनी पाहिले. उजवे मनगट खाली लोंबत होते. बोटे मिटता येत होती, पण पंजा वर उचलता येत नव्हता. दांडी मोडलेल्या केळीच्या पानासारखा तो हात लुळा लटकत होता. दुखत मुळीच नव्हता. काका कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'आता रफार कसा उचलू?' त्यांना काही दुसरे सुचलेच नाही.

वडील त्यांना घेऊन राजापूरला एका डॉक्टरांकडे गेले. सोबत मीही होतो. डॉक्टर वयस्कर होते, फार बोलत नसत. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिले, हात हातात घेऊन वर-खाली करून पाहिला. वडिलांनी वात, नवस, एरंडेल असा सगळा इतिहास सांगितला. तो त्यांनी ऐकून घेतला आणि थेट काकांना विचारले,

'मुंबईत काय काम करीत होता?'

'जुळारी होतो. तीस वर्षं.'

'तोंड उघडा पाहू. जीभ नको, हिरड्या दाखवा.'

त्यांनी काकांना खिडकीशी नेले, ओठ खाली ओढला आणि वडिलांना बोलावले. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठाकाठाने एक बारीक निळसर-काळी रेघ होती. दौतीत बुडवलेल्या टाकाने ओढावी तशी. 'ही रेघ बघा मास्तर,' डॉक्टर म्हणाले, 'हे शिसे आहे. पोटातली कळ शिशाची, हा पांढरेपणा शिशाचा, हा हातही शिशाचाच. देवाकडे जायला नको होते. छापखान्यात गेला असता तर उत्तर तिथेच मिळाले असते.'

हिरडीवरची ही रेघ हेन्री बर्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 1840 साली लक्षात आणून दिली. म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण राजापूरच्या डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला तो त्याहूनही जुना. इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याच्या घरचा शौचकूप उपसायला एक मजूर आला होता. तो इतक्या घाईने काम का करतो आहे, असे रामाझिनीने विचारले, तेव्हा या कामाने डोळे जातात, म्हणून जितक्या लवकर बाहेर पडावे तितके बरे, असे उत्तर मिळाले. वैद्य चपापला. तेव्हापासून तो कामगारांच्या मागे त्यांच्या कारखान्यांत जाऊ लागला. सोन्याचा मुलामा देणारे पाऱ्याने कसे थरथरतात, कुंभार शिशाच्या झिलईने कसे लुळे पडतात, हे त्याने जवळून पाहिले आणि 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. पुढच्या आवृत्तीत छापखानेवाल्यांचेही प्रकरण आले. रोग्याला काय दुखते, केव्हापासून दुखते, हे प्रश्न वैद्य परंपरेने विचारीतच असत. त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तू काय काम करतोस? तिथून निघालेला प्रश्न राजापूरच्या त्या खोलीत पोचायला अडीचशेंहून अधिक वर्षे लागली. पण पोचला, आणि काका वाचले.

डॉक्टरांनी जे समजावून सांगितले त्याचा अर्थ मला पुढे मोठेपणी वाचनातून उलगडला. शरीर शिशाला चुन्याचा भाऊ समजते. कॅल्शियम म्हणून ते त्याला हाडांत घर देते. रक्तातले शिसे महिना-दीड महिन्यात निम्मे होते. हाडांतले मात्र वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते आणि आजारपणात, म्हातारपणात, बायकांच्या गरोदरपणात हळूहळू पुन्हा रक्तात उतरते. आईच्या हाडांतले शिसे असे पोटातल्या बाळापर्यंत जाते. ते तांबड्या पेशी तयार होण्याच्या कामात मोडता घालते, म्हणून माणूस फिका पडतो. मज्जातंतूंना ते धरते, म्हणून मनगट लुळे पडते. मूत्रपिंड बिघडवते, रक्तदाब वाढवते. मोठ्यांच्या पोटात गेले तर थोडेच अंगात मुरते. मुलांच्या मात्र पुष्कळ मुरते आणि वाढत्या मेंदूला लागते. मूल मरत नाही, आजारीही दिसत नाही, पण शाळेत मागे पडते आणि मास्तरांची छडी खाते. मी स्वतः पुढे बत्तीस वर्षे शाळामास्तर होतो. हे वाचले त्या दिवशी वर्गातले कितीतरी चेहरे माझ्या डोळ्यांसमोरून गेले.

आता त्या लाकडी खोक्याविषयी सांगतो. काकांचे तीन महिन्यांचे वेतन छापखान्याने थकवले होते. निघताना त्यांनी ते मागितले, तेव्हा रोख रक्कम नाही म्हणून झिजलेल्या खिळ्यांचे हे खोके त्यांच्या पदरात घातले गेले. 'शिसे आहे, गावाकडे मोल येईल,' असे वर सांगितले. तीस वर्षांत फुकट जे अंगात भरले, त्याचेच आणखी एक खोके हिशेबापोटी मिळाले!

आणि मोल खरोखरच होते. आमच्याकडे पागाच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवतात. त्या वजनाने पाग पाण्यात झपकन खाली बसतो आणि मासा आत कोंडला जातो. मोठ्या जाळ्यांच्या तळाच्या दोरीलाही शिसे लागते. काकांकडे शिसे आहे ही बातमी साखरी नाट्याला पोचायला वेळ लागला नाही. एक चाचा आले. वडिलांचे जुने स्नेही, माणूस सच्चा. त्यांनी भाव सांगितला. त्या वेळी घरात काकांच्या औषधाला पैसे नव्हते आणि काकूने गळ्यातले मोडायला काढले होते. वडिलांनी मान डोलावली. काकांनी विचारले,

'चाचा, हे वितळवता कुठे?'

'कुठे म्हणजे? घरी. चुलीवर. जुन्या टोपात.'

'पोरं?'

'पोरं असतात की भोवती. त्यांना मजा वाटते. गोळ्या गरम असतानाच वेचतात.'

काका खोक्यावर हात ठेवून बसले. तो लुळा उजवा हात. 'मग देत नाही,' ते म्हणाले.

घरात तेव्हा जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. काकू आतून बाहेर आली. तिने काही म्हटले नाही, पण तिच्या मुठीत मंगळसूत्राच्या वाट्या होत्या. चाचांचा चेहराही उतरला. त्यांना वाटले, भाव कमी पडला. तेव्हा काकांनी लुळा हात पुढे केला आणि त्यांना आपली सगळी हकीगत सांगितली. हिरडीची रेघ दाखवली. चाचांनी ती नीट पाहिली. मग आपल्या धाकट्या मुलाला हाक मारून त्याचे तोंड उघडायला लावले आणि त्याच्या हिरड्याही उजेडात धरून पाहिल्या. तिथे काही नव्हते. चाचांनी मोठा सुस्कारा सोडला. आम्ही सगळ्यांनीच सोडला.

अखेर खोके विकले, पण काकांच्या अटींवर. वितळवायचे ते पुळणीवर, उघड्यावर. वारा पाठीशी घ्यायचा. भांडे लोखंडी, आणि ते पुन्हा कधी स्वयंपाकघरात न्यायचे नाही. मुले आणि पोटुशा बायका त्या बाजूला फिरकायच्या नाहीत. आच बेताची ठेवायची. रस लाल होऊ द्यायचा नाही, कारण जितकी आच जास्त तितकी वाफ जास्त. वरची राख वाऱ्यावर न उधळता डब्यात भरायची. काम झाल्यावर आधी हात, मग तोंड, मग अंघोळ; कपडे वेगळे धुवायचे; आणि हे सगळे होईपर्यंत विडी नाही, घोटभर चहा नाही. त्या दिवशी काका स्वतः वाऱ्याच्या बाजूला लांब उभे राहून हुकूम सोडत होते. आम्ही मुले गडाच्या तटावरून बघत होतो. तापलेल्या भांड्यात ओंजळ-ओंजळ अक्षरे पडत होती आणि पातळ होत होती. कितीतरी कथा, कविता, अग्रलेख, लग्नपत्रिका नि मृत्युपत्रे त्या खिळ्यांनी छापली असतील. संध्याकाळपर्यंत त्यांच्या गोळ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या खाडीच्या तळाशी गेल्या.

कायदा नव्हता असे नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा होती. 1948 च्या कारखाना कायद्याने तर कळवायलाच हव्यात अशा रोगांची यादी केली आणि त्या यादीत अगदी पहिला मान शिशाला दिला. कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि रोगी तपासणाऱ्या डॉक्टरानेही सरकारी निरीक्षकाला कळवावे, असे त्यात होते. 2020 साली कामगारांच्या सुरक्षिततेची नवी संहिता झाली. तिच्यातही ती यादी आली आणि तिचाही आरंभ शिशानेच होतो. पण काकांच्या छापखान्यात तो कायदा कुणी वाचलेला नव्हता. त्याच छापखान्यात तो कधी छापायला आला असेल तर जुळाऱ्यांनी तो उलटा वाचला असेल, एवढेच.

शिशाच्या अक्षरांनी मराठीचे जे भले केले ते मी विसरलो नाही. निर्णयसागर छापखाना 1869 सालचा. त्याचे संस्थापक जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले होते. पुढे त्यांच्याच टाइपाने देवनागरीला ते देखणे, ठसठशीत वळण दिले, आणि त्यांच्या छापखान्यातले संस्कृत ग्रंथ देशोदेशींच्या पंडितांच्या कपाटांत गेले. आपण ज्याला वाङ्मय म्हणतो ते दीडशे वर्षे अशा काळ्या बोटांमधून आले आहे. लेखकांची स्मारके झाली. जुळाऱ्यांची नावे अंकाच्या शेवटच्या पानावरही आली नाहीत.

आता खिळे गेले, फर्मे गेले. छपाई संगणकावर आली. 2000 साली आपल्या देशात पेट्रोलमधले शिसे बंद झाले. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, 2021 साली त्यातून सुटला. घरांच्या रंगांत दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक शिसे असू नये, हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. आणि तरीही 2020 साली युनिसेफने प्युअर अर्थ या संस्थेबरोबर अहवाल काढला. त्यातला अंदाज असा की, जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करण्याइतके शिसे आहे आणि अशी मुले एकट्या भारतात साडेसत्तावीस कोटींच्या आसपास आहेत. हे शिसे येते कुठून? त्याचा एक मोठा झरा म्हणजे आपल्या मोटारींच्या नि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. जुन्या बॅटऱ्या शिस्तीच्या कारखान्यात गेल्या तर ठीक. पण पुष्कळशा कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमागे कुऱ्हाडीने फुटतात आणि उघड्या भट्टीत वितळतात. तिथला मजूर संध्याकाळी तेच कपडे घालून घरी जातो आणि धावत आलेल्या मुलाला उचलून घेतो. शिशाची अमुक इतकी मात्रा निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगत नाही. निर्धोक मात्रा माहीतच नाही, असे ती सांगते.

आमच्या नाट्याचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले ते खाडीपलीकडच्या माडबनच्या अणुवीज प्रकल्पाच्या वादात. त्या दिवसांत गावात डोळ्यांना न दिसणाऱ्या विषावर रात्र रात्र चर्चा चालत. सभा झाल्या, मोर्चे निघाले, तज्ज्ञ येऊन गेले. मी त्या चर्चा ऐकायचो आणि माझ्या मनात येई की, डोळ्यांना न दिसणारे विष या बंदरात पूर्वीच उतरले होते. त्याच्यासाठी कुणी सभा घेतली नाही, कारण ते एकेकट्या माणसाच्या अंगातून आले.

काकांचा हात वर्षभराने बराचसा सुधारला. दूध, नाचणी, हिरव्या पालेभाज्या असा आहार डॉक्टरांनी सांगितला होता. चुना आणि लोह अंगात कमी असले की शिसे जास्त मुरते, हे त्यामागचे कारण. पण खरे औषध एकच होते, शिशापासून दूर राहणे. पंजा वर येऊ लागला, पण पूर्वीची चपळाई आली नाही. त्यांनी पोस्टाशेजारी लहानसे दुकान टाकले. गावातल्या बायकांची मुंबईला जाणारी पत्रे ते लिहून देत आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, कुणी सांगो न सांगो, स्वतःची एक ओळ घालीत: 'जेवणापूर्वी हात साबणाने धुणे.' काही नवरे त्यावर चिडत. बायकोने हात धुवायला सांगावे म्हणजे काय! 1988 साली काका गेले. शेवटपर्यंत बोटांची शेंडे काळसरच होती.

गेल्या मे महिन्यात मी साखरी नाट्याच्या धक्क्यावर गेलो होतो. होड्यांवर आता दिवे, यंत्रे, मासे शोधायची उपकरणे आली आहेत, आणि त्यांच्याबरोबर बॅटऱ्या. एक विशीतला मुलगा मेलेली बॅटरी दगडाने फोडून तिच्यातल्या शिशाच्या पट्ट्या काढीत बसला होता. शेजारी त्याचा सात-आठ वर्षांचा भाऊ त्या पट्ट्या हातांनी रचून ठेवत होता.

'काय करतोस रे?' मी विचारले.

'पागाच्या गोळ्या.'

'वितळवणार कुठे?'

'घरी. गॅसवर.'

मी त्याच्याजवळ बसलो. या कामात आधी तेजाबाने हात जळतात, हे त्याला ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते. ते मी सांगितले, काकांच्या अटींसकट, एकही न गाळता. त्याने ऐकले. 'तुम्ही डॉक्टर काय?' म्हणून विचारले. मी म्हणालो, 'नाही रे. माझे काका जुळारी होते.' त्याला तो शब्द कळला नाही, आणि मीही तो समजावत बसलो नाही. थोडा वेळ तो पट्ट्यांकडे बघत राहिला. मग धाकट्याला म्हणाला, 'ऊठ. नळावर जा नि हात धू. साबणाने धू. आणि येताना इकडे येऊ नको, घरी जा.' धाकटा कुरकुरत उठला आणि चड्डीला हात पुसत निघाला. 'चड्डीला नको रे पुसू!' असे आम्ही दोघेही एकदमच ओरडलो.